एकाहत्तरचा थर्मोस्टॅट आणि बाईंचे गार पाय

मला थर्मोस्टॅट म्हणतात. नाव ऐकून कुणी बडा अधिकारी असेल असं वाटतं, पण प्रत्यक्ष पाहिलंत तर हसाल. पितळेची एक चकती, तिच्या पोटाशी स्प्रिंग आणि मधोमध मेणाने भरलेली, बोटाच्या पेराएवढी कुपी. बस, एवढाच मी. मुठीत घेतलात तर दिसणारही नाही.

माझं काम आधी सांगतो, म्हणजे पुढचा घोळ समजायला सोपा जाईल. मोटारीचं इंजिन चालू झालं की तापतं. त्याच्याभोवती पाणी खेळत असतं. ते तापलं की पुढे रेडिएटरच्या जाळीत जातं, वारा खातं, गार होतं आणि परत कामाला लागतं. या दोन ठिकाणांच्या मधल्या दारावर मी बसतो. पाणी गार असेल तर दार बंद, म्हणजे इंजिनाला लवकर ऊब धरता येते. पुरेसं तापलं की माझ्या कुपीतलं मेण वितळून फुगतं आणि दार उघडतं. यात माझी अक्कल शून्य. मी गारवा करत नाही आणि उष्णताही करत नाही. मी साधा दारवान आहे. पण ज्या घरात मी गेलो तिथे कधी मला देव्हाऱ्यात बसवलं, कधी माझ्या नावाने खडे फोडले. दारवान म्हणून कुणी ओळखलंच नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे आम्हाला आंघोळीतच परीक्षेला बसवतात. गरम पाण्यात सोडायचं, पाणी हळूहळू तापवत न्यायचं आणि कोण कधी दार उघडतो ते बघायचं. माणसांची जन्मवेळ बघतात, तसं आमचं तापमान बघतात. काही भावंडं ब्याऐंशी अंशांना उघडली, काही अठ्ठ्याऐंशीला. ती सगळी गंभीर, पोक्त. मी एकाहत्तरलाच दार सताड उघडून मोकळा झालो. तपासनीसाने माझ्या कपाळावर ठप्पा मारला: ७१. आमच्या खानदानात त्याचा अर्थ एवढाच, की हा उतावळा आहे.

तिथून मी सुट्या भागांच्या एका दुकानात आलो. दुकानाच्या मालकीणबाई काउंटरमागे उंच स्टुलावर बसायच्या आणि गिऱ्हाइकाला काय हवंय ते त्याने तोंड उघडायच्या आधी ओळखायच्या. बहुतेक वेळा चुकीचं ओळखायच्या, पण गिऱ्हाईक तेच घेऊन जायचं, इतक्या ठामपणे बोलायच्या.

हिवाळ्याच्या तोंडाला एक दिवस दोघेजण दुकानात शिरले. एक सडपातळ, नाकावर सोन्याच्या काडीचा चष्मा. यांचं चष्म्यांचं दुकान होतं, म्हणून सगळे त्यांना चष्मेवाले म्हणायचे. दुसरे त्यांचे मित्र, दातांचे डॉक्टर. दोघांकडेही जुन्या स्पोर्ट्स कार होत्या, आणि रविवारी त्या धुऊन-पुसून चालवायच्या, त्याहून जास्त वेळ त्यांच्याबद्दल बोलायचं, हा दोघांचा छंद.

चष्मेवाल्यांची तक्रार अशी होती, की गाडी अलीकडे फार तापते. तापमानाचा काटा पूर्वी अर्ध्यावर शांत बसायचा, आता गर्दीत अडकलं की वर वर सरकत जातो. दातांच्या डॉक्टरांचा सल्ला तयार होता. थर्मोस्टॅट मुळासकट काढून टाकायचा. मालकीणबाईंनी त्यांचा धंदा विचारला आणि उत्तर ऐकून, वाटलंच, असं म्हणाल्या.

मग त्यांनी काउंटरवर आम्हा तिघांना मांडलं. एकाहत्तर, ब्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. त्यांनी सांगितलं, की हा आकडा म्हणजे इंजिन किती तापेल ते नव्हे. दार कधी उघडेल ते. दार लवकर उघडलं म्हणून पुढच्या खोलीत गारवा असेलच असं नाही. चष्मेवाल्यांनी मान डोलावली. त्यांची गिऱ्हाइकंही त्यांच्यासमोर अशीच मान डोलावतात आणि घरी जाऊन चष्मा कपाळावर चढवून वाचतात, हे मला फार नंतर कळलं.

"मला सगळ्यात गार द्या," ते म्हणाले.

"गाडी चालवायचीय, की तिच्यात भाजी ठेवायचीय?" मालकीणबाईंनी विचारलं.

पण विकायचं म्हणून त्या तिथे बसल्या होत्या. मला पुडीत बांधलं.

आता घराबद्दल. चष्मेवाले सत्तावन्न वर्षांचे होईपर्यंत एकटे राहिले. सोबतीला काय ती हिरवी, ठेंगणी, दोघांपुरती गाडी. कापडी छपराची. तिच्यात बसायचं म्हणजे आधी बूड टेकवायचं आणि मग पाय एकेक करून आत ओढायचे. त्यांच्या दुकानात एकदा एक बाई वाचायचा चष्मा करायला आल्या. या पोहण्याच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवायच्या. तिथे त्यांना सगळे बाई म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणेन. चष्मा तयार झाला तरी नंबर बरोबर वाटत नाही म्हणून बाई तीनदा आल्या. चौथ्यांदा चष्मेवालेच त्यांच्याकडे गेले, काचा पुसायचं फडकं द्यायचं राहिलं होतं म्हणून. त्या फडक्यावरून लग्न ठरलं.

मी त्या घरात गेलो तेव्हा लग्नाला सहा-सात महिने झाले होते. दोघेही एकमेकांना "तुम्ही" म्हणायचे. जेवताना "तुम्ही घ्या ना", "नाही, आधी तुम्ही घ्या" असं चालायचं आणि शेवटची पोळी ताटलीत सुकून जायची. दोघेही एकमेकांना इतकं सांभाळून घेत होते, की खरं कुणीच बोलत नव्हतं.

गाडीत बसवण्याआधी चष्मेवाल्यांनी माझी परीक्षा घ्यायचं ठरवलं. सकाळी बाई तलावावर गेल्या होत्या. त्यांनी स्वयंपाकघरातलं पहिलं हाताला लागलेलं भांडं घेतलं, पाणी भरलं, मला दोऱ्याने त्यात सोडलं आणि गॅस पेटवला. मी अर्थातच वेळेआधीच उत्साहात दार उघडलं. ते इतके खूश झाले, की परत परत गार करून तीनदा बघितलं. तेवढ्यात बाई परत आल्या. भांडं दुधाचं होतं. बाईंनी आधी भांड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "झालं का तुमचं?" एवढंच विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून दुधाचं नवं भांडं आणलं. त्यावर एक अक्षर नाही. मला तेव्हाच वाटलं, हे काही बरं लक्षण नाही. दुधाच्या भांड्यावरून भांडण होत नाही, ते घर अजून घर झालेलं नसतं.

गाडीत माझ्या जागी आधी एक अठ्ठ्याऐंशीचे आजोबा होते, गाडीच्या जन्मापासूनचे. त्यांना काढून खोक्यात टाकलं आणि मला बसवलं. निघताना आजोबा मला म्हणाले, की पुढून परत येणारं पाणी हल्ली नीट गार होऊन येत नाही, जरा लक्ष ठेव. मी तरुण होतो, उतावळा होतो. म्हाताऱ्यांची कुरकुर म्हणून सोडून दिलं.

आणि पहिल्याच दिवशी मी हिरो झालो. मोकळ्या रस्त्यावर काटा जो खाली उतरला तो वर यायचं नावच घेईना. चष्मेवाल्यांनी दातांच्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं. डॉक्टरांनी, काढूनच टाकला असता तर आणखी खाली गेला असता, असं म्हणून थोडं विरजण टाकलं, तरी चष्मेवाले आठवडाभर शीळ घालत होते.

इथे एक गंमत सांगायची राहिली. इंजिनातून एक रबरी पाइप निघतो तो थेट बसणाऱ्यांच्या पायाशी जातो. तो हीटरचा. थंडीत इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि पायांना ऊब देतं. त्या पाइपातून मला आतलं बोलणं ऐकू यायचं, आणि जे दिसायचं नाही ते पुढे बाईंच्या फोनवरच्या गप्पांतून कळलं. आता विचार करा. मी एकाहत्तरलाच दार उघडून सगळी ऊब पुढे वाऱ्यावर सोडणार. मग हीटरच्या वाट्याला काय? कोमट पाणी. त्यात हिवाळा वाढत चाललेला. काचांवर वाफ धरायची, आणि बाई तलावावरून ओल्या केसांनी गाडीत बसायच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, की हीटर चालू आहे ना. चष्मेवाल्यांनी काट्याकडे बोट दाखवून आनंदाने सांगितलं, की बघा, किती खाली आहे. दुसऱ्या दिवशी बाईंनी जाड मोजे घातले. पुढच्या आठवड्यात मोज्यांवर मोजे. मग पायांवर पोहायचा टॉवेल. पुढे टॉवेलावर शाल. चष्मेवाले रोज डोळे तपासायचे, पण शेजारी बसलेलं माणूस हळूहळू गाठोडं होत चाललंय हे त्यांना दिसलं नाही. त्यांचा डोळा काट्यावर.

आणि गर्दीत अडकलं, की काटा तरीही चढायचाच. मी दार सताड उघडून उभा, पण पुढून येणारं पाणी गेलं तसंच परत. आजोबांचं म्हणणं मला आता पटत होतं. चष्मेवाल्यांना मात्र वाटायचं, हिवाळा म्हणून एवढं चालतं, उन्हाळ्याआधी आणखी गार थर्मोस्टॅट शोधायला हवा.

एक दिवस दुपारी चष्मेवाले घरात पुस्तक वाचत पडले होते. बाई गॅरेजमध्ये आल्या, गाडीत बसल्या, दार ओढून घेतलं आणि फोन लावला. त्यांची मोठी बहीण डोंगरावरच्या एका गावात राहायची. तिने दोघांना चार दिवस बोलावलं होतं, लग्नानंतर पहिल्यांदाच.

"ताई, त्यांना चार दिवस म्हटलंय मी," बाई म्हणाल्या. "पण मी जरा जास्त राहीन म्हणते. ते येतील परत." मग बराच वेळ त्या ऐकत होत्या. "नाही गं, माणूस वाईट नाही. फार चांगला आहे. पण मी पाहुणीच आहे तिथे. मला थंडी वाजते हेसुद्धा सांगता येत नाही मला. माझी भाड्याची खोली अजून सोडलेली नाही मी. बघू."

मी गॅरेजमध्ये गार पडून सगळं ऐकलं. माझ्या पोटात मेण आहे. आत गेलेली गोष्ट चिकटून बसते. सांगणार तरी कुणाला आणि कसं? मला एकच क्रिया येते, दार उघडणं, आणि तीही एकाहत्तरच्या खाली नाही.

जायच्या दिवशी बाईंनी दोन बॅगा आणल्या, एक छोटी, एक चांगली मोठी. त्या गाडीच्या डिकीत एका माणसाचा डबा आणि छत्री एवढंच मावतं. चष्मेवाल्यांनी घाम गाळत मोठी बॅग बसवली आणि कौतुकाने म्हणाले, की डोंगरात थंडी असते, बरं केलंत भरपूर कपडे घेतलेत ते. बाई शाल घेऊन गाडीत बसल्या.

सपाट रस्त्यावरचा पहिला टप्पा थंडगार गेला. काटा तळाशी. चष्मेवाले शीळ घालत होते आणि बाईंचे दात थडथड वाजत होते. ते पाइपातून मला स्पष्ट ऐकू येत होतं. चष्मेवाल्यांना वाटलं डॅशबोर्ड खडखडतोय. त्यांनी तो हाताने दाबून बघितला.

मग चढ लागला. पुढे रस्त्याचं काम चालू होतं. गाड्यांची लांबच लांब रांग, चार पावलं जायचं आणि थांबायचं. इंजिनाला मेहनत जास्त, वारा कमी. पाणी तापायला लागलं. मी केव्हाच दार उघडलं होतं. पुढे रेडिएटरला वारा मिळावा म्हणून लावलेला पंखा घरघरत होता. तरी परत येणारं पाणी जसंच्या तसं गरम. एकाहत्तर गेले, ब्याऐंशी गेले, अठ्ठ्याऐंशी मागे पडले.

आणि त्याच वेळी गाडीत काय चाललं होतं? हीटर अखेर गरम झाला. हिवाळ्यात पहिल्यांदा. बाईंनी टॉवेल काढला, शाल काढली, वरचे मोजे काढले आणि पाय लांब करून एक सुस्कारा टाकला. चष्मेवाल्यांचा काट्याकडे बघून जीव वर-खाली होत होता. त्यांना कुठूनतरी आठवलं, की हीटर पूर्ण सोडला तर इंजिनाची थोडी उष्णता कमी होते. त्यांनी घाबऱ्याघुबऱ्या विचारलं, की हीटर शेवटपर्यंत सोडला तर चालेल का तुम्हाला.

"सोडा की," बाई म्हणाल्या, अगदी लोण्यासारख्या आवाजात.

पाच-दहा मिनिटं त्या गाडीत एक माणूस स्वर्गात होतं आणि दुसरं नरकात, आणि दोघांच्या मध्ये फक्त गिअरची दांडी. मला खोटं बोलता येत नाही, मजा आली.

मग पुढून वाफ निघाली. चष्मेवाल्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि बॉनेट उघडलं. पंखा वेगळ्या बटणावर होता, तो घरघरतच राहिला. बाहेर बोचरी थंडी. बाईही उतरल्या. चष्मेवाले वाफेकडे बघत म्हणाले, की एकाहत्तरसुद्धा पुरत नाही. परत गेल्यावर साठचा मिळतो का बघायला हवा.

बॉनेट उघडं होतं, त्यामुळे पुढचं मी पाइपाशिवाय, थेट ऐकलं.

"साठचा?" बाई म्हणाल्या. "तू त्या काट्याकडे बघतोस ना दिवसभर, एकदा माझ्याकडे बघ. दीड महिना माझे पाय बर्फ झालेत. दोन-दोन मोजे घालते, टॉवेल गुंडाळते, शाल घेते. गाडीच्या पोटातलं एवढंसं तापलेलं तुला कळतं, आणि बायको शेजारी गारठलीये ते कळत नाही? आणि ते दुधाचं भांडं होतं. माझ्या आईचं."

 रांगेतल्या गाड्या शेजारून हळूहळू सरकत होत्या, एकाने काच खाली करून काही मदत हवी का विचारलं. बाईंनी त्याला हातानेच पुढे जायला खुणावलं.

मग चष्मेवाले म्हणाले, "तुम्ही मला तू म्हणालात."

"म्हणाले. मग?"

"काही नाही."

बाई त्यांच्यापासून दूर जायला निघाल्या, पण एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. जाऊन जाणार कुठे? त्या गाडीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. वाफेने गळ्यातला स्कार्फ ओला झाला होता. तो सोडून त्यांनी दोन्ही हातांनी पुढच्या जाळीसमोर धरला, वाळावा म्हणून. राग होताच, पण आवाज जरा खाली आला होता.

"इथे मात्र छान गरम हवा येतेय," त्या म्हणाल्या.

"येतेय?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"येतेय म्हणजे काय, हे बघ ना."

स्कार्फ गाडीपासून लांब, बाईंच्या अंगावर फडफडत होता. चष्मेवाले जवळ आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. परत बघितलं.

"यायला नको," ते म्हणाले. "जायला हवी. हवा आत जायला हवी."

पंखा उलटा फिरत होता. बाहेरचा गार वारा आत ओढून घ्यायचा, तर तो आतला गरम वारा बाहेर ढकलत होता. गाडी पुढे चालली की समोरून येणाऱ्या वाऱ्याशीही भांडत होता. दोन वायरी उलटसुलट लागल्या की असं होतं. हा पंखा कुणी बसवला, असं बाईंनी विचारलं.  चष्मेवाल्यांनी आधी दरीकडे बघितलं. तो त्यांनी स्वतःच बसवला होता, लग्नाच्या आधल्या महिन्यात, गाडी गार राहावी म्हणून. दातांचे डॉक्टर टॉर्च धरून उभे होते.

बाईंना आधी हसू आवरेना. मग चष्मेवालेही हसले, पण जरा उशिरा आणि जरा बारीक. मी आत उकळत होतो तरी हसलो. सगळा हिवाळा ज्याच्यासाठी मला गाडीत घातलं, त्याच्याशी माझा संबंधच नव्हता. आजोबांशीही नव्हता. त्यांना बिचाऱ्यांना उगाच घराबाहेर काढलं होतं.

इंजिन निवेपर्यंत दोघे डोंगराच्या बाजूला एका दगडावर बसून राहिले. तिथलं मला ऐकू आलं नाही. मग चष्मेवाल्यांनी वायरी बदलल्या, बाईंनी पुन्हा स्कार्फ धरला, आणि तो जाळीला जाऊन चिकटला. पाण्याच्या बाटल्या रेडिएटरमध्ये ओतल्या आणि गाडी निघाली. आता काटा सरसर खाली. इतका खाली, की एकाहत्तरला येऊन बसला आणि हलेना. हीटर पुन्हा कोमट.

"गेली ऊब," बाई म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी गाडी थांबवली. या वेळी काट्यासाठी नाही. हातातले चामड्याचे मोजे काढले. ते मोजे त्यांनी गाडी चालवण्यासाठी खास आणलेले होते आणि कुणाला हातही लावू देत नसत. खाली वाकून, गिअरच्या दांडीत कोपर अडकवत, त्यांनी ते बाईंच्या पायांत घातले. पाचही बोटं पुढे रिकामी लोंबत होती.

बहिणीच्या दारात बाई तशाच उतरल्या. ताई पायरीवर उभ्या होत्या. त्यांना हे लग्न फारसं पसंत नव्हतं. त्यांनी बहिणीच्या पायांकडे बघितलं, तिथे बदकासारखे दोन काळे पंजे. मग मेहुण्यांच्या हातांकडे बघितलं, ते थंडीने जांभळे.  ताईंनी आत जाऊन पाणी तापायला ठेवलं.

डिकीतून छोटी बॅग निघाली. मोठी चारही दिवस जागची हलली नाही, आणि चौथ्या दिवशी दोघांसकट परत आली.

घरी आल्यावर चष्मेवाल्यांनी मला बाहेर काढलं, खोक्यातून आजोबांना काढलं आणि आम्हा दोघांना जेवणाच्या टेबलावर समोरासमोर ठेवलं. यातला कोणता बसवू, असं त्यांनी बाईंना विचारलं. फरक काय, बाईंनी विचारलं. दुकानाच्या मालकीणबाईंनी जे सांगितलं होतं, ते चष्मेवाल्यांनी शब्दाला शब्द सांगितलं. म्हणजे ऐकलं होतं, फक्त आत पोचायला वेळ लागला होता.

"म्हणजे हा लवकर दार उघडतो आणि सगळी ऊब बाहेर घालवतो," बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या.

"हो."

"मग म्हाताऱ्याला बसव."

दातांच्या डॉक्टरांनी फोनवर हरकत घेतली. काटा परत अर्ध्यावर येईल म्हणाले. बाईंनी फोन हातात घेऊन त्यांना सांगितलं, की काटा अर्ध्यावर यायचा नसता तर बनवणाऱ्याने तिथे जागा कशाला ठेवली असती. डॉक्टरांना यावर काही काढून टाकण्यासारखं सापडलं नाही.

आजोबा परत गेले. बाई अनवाणी गाडीत बसल्या, दोघे गावाबाहेर एक लांब फेरी मारून आले. पाय काय म्हणतात, असं चष्मेवाल्यांनी विचारलं होतं. "झोपलेत," असं उत्तर मिळालं. हे मला आजोबांनी नाही, बाईंनीच सांगितलं. म्हणजे मला नाही, फोनवर ताईला. मी टेबलावर होतो.

त्या महिन्याअखेर बाईंनी भाड्याची खोली सोडली. तिथे एक दिवा, दोन खोकी आणि माणसाच्या उंचीचं एक कुंडीतलं झाड होतं. झाड गाडीत मावेना, म्हणून ऐन थंडीत छप्पर उघडून, झाड मधे उभं करून दोघे भर रस्त्यातून घरी आले. पानांमुळे चष्मेवाल्यांना डावीकडचं काही दिसत नव्हतं आणि बाई सगळा वेळ "तू थांब", "आता जा", "अरे, सायकल" असं सांगत होत्या.

आणि मी? वापरलेला माल दुकान परत घेत नाही. चष्मेवाले मला खोक्यात ठेवणार होते, पण बाईंनी मागून घेतलं. बाईंना आता गाडी चालवायची होती, म्हणून दुसरी किल्ली करून घेतली होती, आणि तिला काहीतरी जड लावलं तर पिशवीत सापडेल, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून मी किल्लीला लटकतो. पोहण्याचा चष्मा, ओली टोपी आणि शिट्टी यांच्या सहवासात राहतो. अंगाला तलावाच्या औषधाचा वास येतो. दार उघडण्याचा प्रश्नच नाही. बाईंच्या मुठीत फार तर सदतीस अंश. पण खोटं कशाला बोलू, उघडण्यावाचून माझं काही अडत नाही. आता मला दिसतं. इंजिनात काळोख होता.

जाता जाता एक मागणं. तुमची गाडी तापत असेल तर आमच्यातला सगळ्यात कमी आकड्याचा उचलून पळू नका. उतावळ्या माणसाला दारावर बसवून घर गार होत नाही. आधी समोर जाऊन बघा वारा कुठून कुठे जातोय, आणि शेजारी कोण बसलंय, त्याच्या पायांवर काय काय गुंडाळलेलं आहे, तेही बघा.

काल रविवार होता. बाई गाडी चालवत होत्या, मी किल्लीबरोबर डुलत होतो. चष्मेवाले शेजारच्या सीटवर. त्या सीटवरून काटा दिसत नाही. ते आधी मान लांब करून बघायला लागले, मग तिरके झाले, मग बाईंच्या खांद्यावरून वाकून बघायला लागले. बाईंनी त्यांना सरळ बसायला सांगितलं. थोडा वेळ ते बसले. मग राहवेना.

"तापलीये का हो?" त्यांनी विचारलं. ते अजून "तुम्ही"च म्हणतात, जमत नाही म्हणतात.

"कोण?" बाई म्हणाल्या.

काट्याकडे वाकलेले चष्मेवाले मागे सरले आणि त्यांनी आधी बाईंच्या पायांकडे बघितलं.